जीपीएस व्हेस्टचा रिव्ह्यू, आणि त्यात असिसात ओशोआला का आली

घाई असेल त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. फुटबॉल खेळणाऱ्या मुलींनी जीपीएस व्हेस्ट घ्यायची तर बायकांच्या मापाने शिवलेलीच घ्या, पुरुषांची स्मॉल घेऊन भागवू नका, आणि ॲपमधली स्प्रिंटची सेटिंग बदलल्याशिवाय एकही मॅच खेळू नका. वस्तू चांगली आहे, माझ्या कामाची निघाली. पण तिचा खरा उपयोग कशासाठी करायचा हे मला कळलं ते नायजेरियाच्या एका स्ट्रायकरच्या जुन्या मॅचेस बघताना, त्यामुळे हा रिव्ह्यू जरा लांबणार आहे. कंपनीचं नाव टाकत नाहीये, कारण खाली तक्रारीपण आहेत आणि त्या बाजारातल्या बऱ्याच व्हेस्टना थोड्याफार लागू होतील.

ज्यांना ही भानगड माहीतच नाही त्यांच्यासाठी: जर्सीच्या आत घालायची, छातीपर्यंतच येणारी, अंगाला घट्ट बसणारी काळी व्हेस्ट. पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध एक खिसा, त्यात काडेपेटीएवढा पॉड बसतो. पॉडमध्ये जीपीएस असतं आणि हालचाल मोजणारे सेन्सर असतात, माझ्याकडचा सेकंदाला १० वेळा जागेची नोंद घेतो. मॅच संपली की ब्लूटूथने सगळं फोनवर येतं: किती पळलात, सगळ्यात जास्त स्पीड किती, किती स्प्रिंट मारले, मैदानाच्या कुठल्या भागात जास्त होतात. मॅचमध्ये घालायला नियमाची आडकाठी नाही, फुटबॉलच्या नियम ४ मध्ये अशा उपकरणांना परवानगी आहे, फक्त ती सुरक्षित असली पाहिजेत आणि स्पर्धा भरवणाऱ्यांची हरकत नसली पाहिजे, म्हणून रेफरीला आधी दाखवून घेतलेलं बरं.

आता ओशोआला. २७ जुलै २०२३, ब्रिस्बेन, महिला वर्ल्ड कप, नायजेरिया विरुद्ध यजमान ऑस्ट्रेलिया. असिसात ओशोआला बेंचवर. तोपर्यंत आफ्रिकेची सर्वोत्तम महिला फुटबॉलर हा पुरस्कार पाच वेळा घेतलेली, बार्सिलोनाकडून खेळणारी बाई बेंचवर बसलेली, आणि सेकंड हाफमध्ये तिला आत पाठवलं. ७२व्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाची डिफेंडर आणि गोलकीपर यांच्यात एका बॉलवरून घोळ झाला, बॉल कोणाचाच नाही अशी ती एक क्षणभराची वेळ, आणि ही त्या आधीच पळायला लागली होती. गोलपोस्टच्या बाजूने, जिथून कोन जवळजवळ उरतच नाही तिथून तिने बॉल आत घातला. ३-१ झाले, शेवटी नायजेरियाने ३-२ ने मॅच काढली. गोलनंतर तिने जर्सी काढून भिरकावली, काळ्या स्पोर्ट्स ब्रावर हात पसरून उभी राहिली, जर्सी काढली म्हणून नियमाप्रमाणे यलो कार्ड मिळालं आणि तो फोटो जगभर गेला.

आमच्या टीमच्या ग्रुपवर तो फोटो आला आणि गोलपेक्षा जास्त चर्चा जर्सीच्या आत काय घालायचं यावर झाली. खरंच, वर्षानुवर्षं खेळणाऱ्या मुली, पण या विषयावर मोकळेपणाने कोणी बोललंच नव्हतं. कोणाला पट्ट्यांनी खांदे सोलवटतात, कोणी दोन ब्रा एकावर एक घालतं, कोणी मोठी जर्सी घालून झाकून नेतं. त्यातूनच व्हेस्टचा विषय निघाला आणि आम्ही काही जणींनी घेतल्या.

आणि घेतल्या घेतल्या जे सगळीकडे होतं तेच झालं. किलोमीटरची चुरस. मॅच संपली की स्क्रीनशॉट, कोण किती पळालं. आमची सेंट्रल मिडफिल्डर दर वेळी पहिली, मी स्ट्रायकर असल्यामुळे कायम तळाला, आणि मग साइडलाइनवरून "अगं जरा पळत जा" वगैरे सुरू. आकडा समोर असला की त्याला खरं मानायची सवयच असते आपल्याला. मीही तेव्हा उगाच बॉलमागे धावायला लागले, किलोमीटर वाढले आणि गोल आटले.

म्हणून मी ओशोआलाचे गोल शोधून शोधून बघितले, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की या व्हेस्टचे आकडे कसे वाचायचे हे तिच्या करिअरकडून शिका. १८ मे २०१९, बुडापेस्ट, चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल, बार्सिलोना पहिल्यांदाच फायनलला आलेली आणि समोर लिऑन. हाफटाइमलाच ४-० असा निकाल लागून गेलेला, लिऑनच्या आडा हेगरबर्गची हॅटट्रिक झालेली. तिथेही ओशोआला उशिरा सबस्टिट्यूट म्हणून आली आणि ८९व्या मिनिटाला गोल केला. मॅच ४-१ ने हरले, पण महिला चॅम्पियन्स लीग फायनलमधला बार्साचा पहिलावहिला गोल हिच्या नावावर आहे. त्याच वर्षीच्या वर्ल्ड कपमध्ये ग्रेनोबलला दक्षिण कोरियाविरुद्धचा गोल बघा. मागून लांब बॉल आला, ही डिफेंडरला मागे टाकून निघाली, गोलकीपर पुढे आली तिला वळसा घातला, आणि परत तोच बिकट कोन, परत गोल. हे सगळं होईपर्यंत ती बराच वेळ जवळपास चालतच असते. कॅमेरा लांब असेल तेव्हा मुद्दाम तिच्यावर नजर ठेवा, डिफेंडरच्या खांद्यामागे उभी, मान वळवून डिफेंडरांची लाइन बघते, दोन पावलं मागे येते, आणि मग एकदम.

तर ॲपमध्ये टोटल डिस्टन्स सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात असतं आणि स्ट्रायकरसाठी तेच सगळ्यात बिनकामाचं आहे. खाली स्क्रोल करा, हाय स्पीडमध्ये किती अंतर काढलं, किती वेळा जोरात ॲक्सलरेट झालात आणि ते मॅचच्या कुठल्या मिनिटांत झालं ते बघा. माझ्या बाबतीत दिसलं ते असं की पहिल्या वीस मिनिटांत मी सगळं जाळून टाकत होते आणि सेकंड हाफमध्ये डिफेंडर दमलेल्या असायच्या तेव्हा माझ्याकडे एकही खरा स्प्रिंट उरत नव्हता. हे मला कोणत्याही कोचने सांगितलं नव्हतं, आलेखात लख्ख दिसलं. व्हेस्टचे पैसे माझ्या मते इथेच वसूल झाले.

आता तो सेटिंगचा विषय, आणि यावर मला खरंच राग आहे. माझ्या ॲपमध्ये स्प्रिंट म्हणजे ताशी २५ किलोमीटरच्या वर असं आधीपासून भरलेलं होतं. प्रोफाइलमध्ये मी फीमेल निवडलं होतं तरी तेच. हा पुरुषांच्या व्यावसायिक फुटबॉलमधला आकडा आहे. फिफाने २०१९च्या महिला वर्ल्ड कपचं जे शारीरिक विश्लेषण केलं त्यात १९ ते २३ हा हाय स्पीडचा पट्टा धरला होता आणि २३च्या वर स्प्रिंट. म्हणजे जगातल्या सर्वोत्तम बायकांसाठी २३, आणि आमच्यासारख्या वीकेंडला खेळणाऱ्यांना ॲप म्हणणार २५. साहजिकच आमच्या निम्म्या मुलींचे स्प्रिंट शून्य दिसत होते, आणि एक सतरा वर्षांची पोरगी, जी खरंच वेगवान आहे, तिने हे बघून मी स्लो आहे असं स्वतःच ठरवून टाकलं होतं. सेटिंग्जमध्ये आत आत जाऊन स्पीड झोन की असंच काहीतरी असतं, तिथे बदलता येतं. ते बदला. आपल्या लेव्हलप्रमाणे अजून खाली आणलं तरी चालेल, तुलना स्वतःच्या मागच्या मॅचशीच करायची आहे.

फिटिंगबद्दल. आमच्यातल्या दोघींनी पुरुषांची स्मॉल घेतली कारण ती लगेच मिळत होती, आणि दोघींनी ती बदलली. खांद्याला बरोबर बसते तर छातीवर इतकी आवळते की श्वास अर्धा येतो, छातीला बरोबर घ्यावी तर पाठीवर ढिली पडते, पॉड उड्या मारतो आणि तो हलला की हालचालीचे आकडे गंडतात. बायकांच्या कटमध्ये पाठीचा भाग वर घेतलेला असतो, काखेत कापड जरा कमी असतं, त्यामुळे पॉड जागेवर राहतो. पण एक नीट लक्षात घ्या, व्हेस्ट म्हणजे स्पोर्ट्स ब्रा नाही. दिसायला तशी दिसते, आधार तेवढा देत नाही, आत चांगली ब्रा लागतेच. काही कंपन्या ब्रालाच पॉडचा खिसा देतात, ते मी वापरलेलं नाही, पण उन्हाळ्यात दोन थर घालण्यापेक्षा ते बरं वाटत असणार. काखेतल्या शिवणीला मला सुरुवातीला घासायचं, लाल रेघा उठायच्या. थोडं व्हॅसलीन लावून घातली की त्रास होत नाही.

पॉड आत सरकवायचं काम स्वतःला जमत नाही. व्हेस्ट घातली की हात तिथे पोचत नाही, त्यामुळे घालायच्या आधी तरी बसवा नाहीतर कोणालातरी पाठ दाखवून उभं राहा. आमच्याकडे आता मॅचच्या आधी एका मागे एक मुली उभ्या असतात आणि पुढचीच्या पाठीत मागची पॉड घालते, हिरवा लाइट लुकलुकतोय का बघते आणि फ्लॅप खाली दाबते. तो लाइट महत्त्वाचा. उघड्या आकाशाखाली काही मिनिटं आधी चालू करून ठेवा, सॅटेलाइट पकडायला वेळ लागतो, शिट्टी वाजल्यावर चालू केलात तर पहिली मिनिटं वाया जातात. छत असलेल्या टर्फवर घेऊ नका, तिथे जीपीएस मिळतच नाही. आजूबाजूला उंच बिल्डिंगा असल्या तरी हीटमॅप, म्हणजे तुम्ही मैदानात कुठे कुठे होतात ते दाखवणारा रंगीत नकाशा, मैदानाबाहेर सांडलेला दिसतो. पाठीवर आपटलं तर टोचेल अशी मला भीती होती, पण कडा गोल असतात आणि कुशनिंग असतं, आत्तापर्यंत तरी काही झालं नाही.

बॅटरी ठीक. मॅच आणि वॉर्मअप आरामात निघतं. चार्जिंगची पिन मात्र घाम लागून खराब होते, त्यामुळे मॅचनंतर पॉड पुसून ठेवायची सवय लावून घ्या.

सबस्क्रिप्शन हा मला न पटलेला भाग आहे. व्हेस्ट आणि पॉडचे पैसे एकदा घेतल्यावर मिनिटाप्रमाणे आलेख बघायचा तर परत दर महिन्याला पैसे मागतात, आणि वर सांगितलं तसं उपयोगाचं नेमकं तेच असतं. फुकटात दिसतं ते टोटल डिस्टन्स. विकत घेण्याआधी दुकानदाराला किंवा साइटवर हे नक्की विचारा, फुकट काय आणि पैसे भरून काय.

दुखापत टळते असं जाहिरातीत म्हणतात त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जास्त भार कधी पडतोय हे आकड्यांवरून कळायला मदत होते, एवढं मान्य. पण गुडघा काय होणार आहे हे कोणी सांगू शकत नाही. ओशोआलाचंच बघा. २०२१-२२ च्या सीझनमध्ये स्पॅनिश लीगमध्ये २० गोल करून माद्रिद सीएफएफच्या गेसीबरोबर पिचिची, म्हणजे सर्वाधिक गोलांचा मान, वाटून घेतला. तिच्या आयुष्यातला फॉर्म म्हणावा असा तो काळ. आणि लगेच जुलैमध्ये मोरोक्कोला आफ्रिकन नेशन्स कपची पहिलीच मॅच, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, त्यात गुडघ्याचं लिगामेंट दुखावलं आणि स्पर्धा संपली. बार्सिलोनाकडे जगातलं सगळ्यात चांगलं तंत्रज्ञान असतं, तरी होतं ते होतंच. त्याच महिन्यात तिला पाचवा आफ्रिकन पुरस्कार मिळाला, आणि नायजेरिया तिच्याशिवाय चौथी आली. मला ते वाचून फार वाईट वाटलेलं. पुढच्या वर्षी ब्रिस्बेनला ती बेंचवरून येऊन जे करून गेली ते म्हणूनच मला इतकं लागतं.

आता पालकांसाठी, कारण हा प्रश्न मला सारखा येतो: मुलगी बारा वर्षांची आहे, फुटबॉलचं वेड आहे, व्हेस्ट घेऊन देऊ का. नका घेऊ. ओशोआला लागोसजवळच्या इकोरोडूची. घरच्यांना तिचं फुटबॉल खेळणं पसंत नव्हतं, अभ्यास सोडून हे काय असंच त्यांचं मत होतं. ती लागोसच्या एफसी रोबोकडून खेळत मोठी झाली, मग पोर्ट हारकोर्टच्या रिव्हर्स एंजल्सकडे गेली. मिडफिल्डर होती तेव्हा, नेदरलँड्सचा मिडफिल्डर क्लॅरेन्स सीडोर्फवरून सीडोर्फ हे टोपणनाव त्यातूनच पडलं. २०१४ मध्ये कॅनडातल्या अंडर-२० वर्ल्ड कपमध्ये तिने ७ गोल केले, त्यातले ४ एकट्या सेमीफायनलमध्ये उत्तर कोरियाविरुद्ध, मॅच ६-२. फायनल जर्मनीविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये १-० ने गेली, पण गोल्डन बॉल (सर्वोत्तम खेळाडू) आणि गोल्डन बूट (सर्वाधिक गोल) दोन्ही तिला. तिथून २०१५ च्या जानेवारीत लिव्हरपूल, पुढच्या वर्षी आर्सेनल, मग चीनमध्ये दालियान, मग २०१९ पासून बार्सिलोना आणि तिथे २०२१ आणि २०२३ अशा दोन चॅम्पियन्स लीग. व्हेस्ट, पॉड, डेटा हे सगळं तिच्या आयुष्यात आलं ते असं, मैदान, सोबत खेळायला मुली आणि रोज खेळायला मिळणारा वेळ यांच्या खूप नंतर. आणि घरच्यांचा होकार तर त्याच्याही आधी लागतो, तिला तो बराच काळ नव्हता आणि तरी ती टिकली, सगळ्याच मुली टिकत नाहीत.

अजून एक गोष्ट सांगते, रिव्ह्यूच्या बाहेरची वाटेल पण आहे आतलीच. २०१६ मध्ये नायजेरियाच्या मुली आफ्रिकन चॅम्पियन होऊन आल्या आणि ठरलेला बोनस मिळाला नाही म्हणून अबुजाच्या हॉटेलमध्ये ठाण मांडून बसल्या, नॅशनल असेंब्लीवर मोर्चा नेला. ट्रॉफी परत द्यायला तयार नाही म्हणाल्या पैसे मिळेपर्यंत. २०१९ ला फ्रान्समध्ये वर्ल्ड कपमधून बाहेर पडल्यावर परत तेच, हॉटेल सोडायला नकार. त्यामुळे ज्या क्लबची कमिटी मुलींसाठी वीस व्हेस्टचा सेट घ्यायचा विचार करत असेल त्यांनी आधी मैदानाचे तास, फिजिओ, धड चालणारं चेंजिंग रूम आणि प्रवासखर्च याचा हिशेब लावावा. हे सगळं देऊन पैसे उरत असतील तर जरूर घ्या. आणि घेतलात तर आकडे फक्त कोचच्या टॅबवर ठेवू नका. ज्या मुलीच्या पाठीवर पॉड आहे तिला तिचे आकडे दिसलेच पाहिजेत. काही ॲप वजन, पाळीच्या तारखा असंही विचारतात, ते कोणाकोणाला दिसणार हे आधी स्पष्ट करून घ्या, नाही भरलं तरी स्प्रिंटचे आकडे येतात.

मग घ्यावी कोणी? नियमित अकरा-अकराच्या मॅचेस खेळत असाल, उघडं मैदान असेल, आणि विंगर किंवा स्ट्रायकर किंवा फुलबॅक असाल तर घ्या. दुखापतीतून परत येत असाल तर सगळ्यात जास्त उपयोग, कारण फिजिओला दाखवायला काहीतरी ठोस असतं. गोलकीपरने घेऊ नये, तिच्या कामाचं यात काहीच मोजलं जात नाही. नायजेरियाचीच गोलकीपर चियामाका न्नाडोझी बघा, २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेअरची पेनल्टी अडवली होती, मॅच ०-० राहिली ती तिच्यामुळे, आणि असं काही पकडणारा पॉड अजून तरी मी बघितलेला नाही.

ओशोआलाचं पुढे काय झालं विचाराल तर २०२३ चा आफ्रिकन पुरस्कार घेऊन तिचे सहा झाले, एवढे आफ्रिकेत कोणाचेच नाहीत. मग २०२४ मध्ये अमेरिकेत बे एफसीला गेली आणि त्या नव्या क्लबचा पहिलाच गोल तिने केला, मग सौदीत अल हिलाल. २०२५ च्या जुलैमध्ये मोरोक्कोत नायजेरियाने दहावा आफ्रिकन कप जिंकला, फायनलला २-० ने मागे पडून ३-२, त्या स्पर्धेतला नायजेरियाचा पहिला गोल तिचाच, ट्युनिशियाविरुद्ध, मॅच सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. ज्यांना आपला आलेख फार वरखाली दिसतोय अशी काळजी वाटते त्यांनी या गोष्टी एकदा सलग बघाव्यात.

धुण्याबद्दल राहिलं. पॉड काढून मगच धुवा, हे दोनदा तपासा. थंड पाणी, साधी पावडर, कम्फर्ट वगैरे नको, त्याने कापड ढिलं पडतं आणि घाम शोषत नाही. ड्रायर नको, सावलीत वाळत घाला. दोन साइजच्या मधे अडकला असाल तर लहान घ्या, काही मॅचनंतर थोडी सैल होतेच. आणि ऑनलाइन मागवत असाल तर परत करायची मुदत बघून घ्या, घरात घालून बरोबर वाटते, पळायला लागल्यावरच कळतं, त्यामुळे टॅग न काढता घरासमोर का होईना एक जोरात स्प्रिंट मारून बघा.